समुईच्या विमानतळावरचा लाउंज : कार्ड नाही, रांग नाही, सगळे आत

काळीमाती
मंडळी, दारव्हा तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. ज्यांना हा धंदा माहीत आहे त्यांना हेही माहीत असेल की सीझन बरा गेला की कंपन्या डीलर लोकांना फिरवून आणतात, आणि हे फिरणं बहुतेक वेळा बँकॉक-पटाया असतं. यंदा एका कंपनीनं पटायाच्या जागी थायलंडमधलंच समुई बेट ठेवलं आणि जोडीनं या म्हणाली. आमच्या दोघांचं तिकीट कंपनीचं, आईचं मी भरलं. बेटावरच्या समुद्राचे आणि नारळांचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगानं पडले आहेत, ते तिथंच पाहा. मला लिहायचं आहे ते विमानतळाबद्दल. त्यातही परत निघताना जिथं बसलो, त्या लाउंजबद्दल, म्हणजे विमानाची वाट पाहत आरामात बसायच्या, खाणंपिणं असलेल्या जागेबद्दल.

विमानतळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचा आणि एसी येतो. समुईला ते नाही. झावळ्यांसारख्या गवती छपरांचे मोठमोठे मांडव, खाली लाकडी खांब, आणि बाजूला भिंतच नाही. वारा आरपार. विमानातून उतरलं की चारी बाजूंनी उघडी असलेली रंगीत ट्रॅम येते आणि झाडाफुलांमधून सामानाच्या पट्ट्यापर्यंत नेऊन सोडते. निघतानाही तसंच. तपासणी संपली की दुकानांची उघडी गल्ली लागते, पुढं गेट, आणि गेटजवळच लाउंज.

हा लाउंज बँकॉक एअरवेजच्या प्रत्येक प्रवाशाला खुला आहे. साध्या इकॉनॉमीच्या तिकिटालासुद्धा. दारात काउंटर नाही, कार्ड घासायचं मशिन नाही, 'सर, तुमचा बोर्डिंग पास' नाही. बिझनेस क्लासवाल्यांसाठी ब्लू रिबन नावाचा लाउंज वेगळा असतो, पण बाकी सगळी जनता इथंच बसते.

आई मात्र कडेलाच उभी राहिली. खांद्याला झोळी, पायात चप्पल. हळूच मला म्हणे, "इथं बसाचे पैसे घेतात का रे?" नाही म्हटलं. "अन् खाचे?" तेही नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसेना. शेवटी तिथल्या एका मुलीनं हात जोडून नमस्कार केला आणि खुर्चीकडं बोट दाखवलं, तेव्हा बसली.

खायला पॉपकॉर्न, छोटे सँडविच, केकचे तुकडे, रस, चहा, कॉफी. हे कुठंही मिळेल. पण एका टोपलीत केळीच्या पानाच्या पुड्या होत्या, दोन-दोन एकमेकींना तोंडाला तोंड लावून बांबूच्या पातळ सालीनं बांधलेल्या. तिकडं याला खाओ तोम मात म्हणतात. आईनं साल सोडली, पान उलगडलं. आत नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात, त्यात शेंगदाण्याएवढे काळ्या घेवड्याचे दाणे, आणि मधोमध केळ्याची फाक. वाफेवर शिजून केळं चक्क गुलाबी-तांबूस झालेलं. आईनं आधी वास घेतला, मग एक घास, मग म्हणाली, "याच्यात जरा वेलची पायजे व्हती." खाऊन झाल्यावर पान घडी घालून हातातच धरलं आणि टाकायचं कुठं ते विचारत बसली.

आमच्यातल्या काही डीलर भावांनी मात्र पुड्या बॅगेत भरल्या. बिअर कुठं दिसते का, तेही शोधून आले. नव्हती.

कोणी गेलं आहे का? आणि हे त्यांना परवडतं कसं, ते कोणाला माहीत असेल तर सांगा.

धावपट्टी
भाऊ, मस्त लिहिलं. नोकरी एसटीत, छंद विमानांचा, त्यामुळं थोडं सांगू शकतो.

परवडण्याचं उत्तर असं, की तो विमानतळच बँकॉक एअरवेजच्या मालकीचा आहे. सरकारचा नाही. १९८९ साली त्यांनी स्वतः बांधला. त्याआधी समुईला जायचं तर बोटीशिवाय मार्ग नव्हता. बेटावर नारळाच्या बागा आणि मासेमारी, पाठीवर बॅग टाकून येणारे थोडे गोरे लोक, एवढंच होतं. या विमान कंपनीचे संस्थापक प्रासेर्त प्रासात्तोंग-ओसोत हे पेशानं शल्यचिकित्सक. थायलंडमधल्या सगळ्यांत मोठ्या खाजगी रुग्णालय-साखळीची स्थापनाही त्यांचीच. कंपनीची सुरुवात १९६८ मध्ये हवाई टॅक्सी म्हणून झाली. त्यांच्या मालकीचे आणखी दोन विमानतळ आहेत, सुखोथाई आणि त्रात.

आता विमानतळ आपला, विमान आपलं, म्हटल्यावर भाडंही आपल्या मनासारखं. बँकॉक ते समुई साधारण तासाभराचं उड्डाण. चिआंग माई त्याहून लांब आहे, पण तिकडं स्वस्त कंपन्यांची झुंबड आहे, म्हणून तिकीट बहुधा समुईपेक्षा कमी असतं. दोन्ही तिकिटं एकाच तारखेची शेजारी ठेवून पाहा, उत्तर मिळेल.

ट्रॅमचंही कारण आहे. तिथं एटीआर ७२ आणि एअरबस ए३१९-ए३२० एवढीच विमानं प्रामुख्यानं येतात. एरोब्रिजची, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या बंद पुलाची, गरजच पडत नाही. एटीआरमध्ये सत्तरच्या आसपास माणसं. तेवढ्यांना पुड्या आणि पॉपकॉर्न द्यायला असा किती खर्च येणार?

बम_भारी
काय राजेहो, फुकटचं काई नसते. तिकिटातच धरलं असन त्याईनं. दोन केळाच्या पुड्या अन् मक्याच्या लाह्या खाऊ घालून हजारो रुपये जास्तीचे काढून रायले, अन् तुमी इकडं दारव्ह्यात बसून त्याईची आरती ओवाळून रायले.

काळीमाती
बम_भारी, पैसे कंपनीचे होते, आईचं तिकीट सोडून, म्हणून जरा सुखानं ओवाळतो आहे :)

पण गंमत सोडा. तिकिटातच धरलं आहे हे मान्य. मग निदान ज्यानं तिकीट काढलं त्याला तरी ते मिळतं. आपल्याकडं तुम्ही कितीही महागाचं इकॉनॉमी तिकीट काढा, लाउंजच्या दारात तुमचं तिकीट कोणी पाहत नाही, तुमचं कार्ड पाहतात. म्हणजे विमान कंपनीचा गिऱ्हाईक असून भागत नाही, बँकेचा गिऱ्हाईक असावं लागतं. आणि तोही त्यांच्या पसंतीचा. मला हा फरक तिथं बसल्यावर कळला.

पैनगंगा
अगदी. आमचा अनुभव सांगते. एका मोठ्या विमानतळावर (नाव नको) बाबांना घेऊन होते, मध्ये बराच वेळ थांबायचं होतं. माझ्याकडं कार्ड होतं, आधी चाललेलंही होतं. दारातला मुलगा म्हणाला, मॅडम, मागच्या तिमाहीत ठराविक खर्च झाला नाही, म्हणून चालणार नाही. दुसरं कार्ड चाललं, पण एकाच माणसापुरतं. बाबा धोतर-टोपीत. त्यांना आत बसवून मी बाहेर थांबते म्हटलं, तर ते म्हणाले, "मी काय आत एकटा तोंड पाहू लोकायचं?" शेवटी आम्ही दोघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो आणि घरून आणलेल्या पोळ्या-ठेच्यावर भागवलं. आत जाणाऱ्यांची रांग पार खांबापर्यंत आली होती. रांगेत उभं राहून मिळणारा आराम कसला, हे मला अजून कळलेलं नाही.

हिशेबनीस
बँकेतच आहे, तालुक्याच्या शाखेत, म्हणून थोडी बाजू मांडतो.

लाउंज फुकट नसतोच. तुम्ही कार्ड घासता तेव्हा दोन रुपये कापले जातात, ते फक्त कार्ड जिवंत आहे की नाही ते तपासायला. खरे पैसे, म्हणजे माणशी ठरलेली रक्कम, बँक किंवा कार्डाचं नेटवर्क लाउंजवाल्याला देतं. आणि बहुतेक वेळा सरळ देत नाही. मध्ये एक कंपनी असते, ती शंभर बँका आणि शंभर लाउंज यांची गाठ घालून देते आणि आपला हिस्सा काढते. बाजार समितीतला अडत्या म्हणा. माल एकाचा, खाणारा दुसरा, हिशेबाची वही तिसऱ्याजवळ.

झालं काय, रुपे (RuPay) या आपल्या देशी कार्ड-नेटवर्कचं प्लॅटिनम डेबिट कार्डसुद्धा लाउंज देऊ लागलं. पगाराच्या खात्यावर, गावातल्या शिक्षकाला, ग्रामसेवकालाही ते कार्ड मिळालं. चांगलंच झालं. पण जागा तेवढीच राहिली आणि माणसं वाढली. बँकांचं बिल फुगलं. मग तिमाहीला एकदाच, आधीच्या तिमाहीत अमुक खर्च केला असेल तरच, सोबतचा माणूस चालणार नाही, अशा अटी येत गेल्या. काउंटरवरच्या पोरावर चिडण्यात अर्थ नाही, त्याला पडद्यावर लाल दिसतं, तो नाही म्हणतो.

प्रवासाला निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर आपल्या कार्डाचा चालू नियम पाहून घ्या. मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं धरू नका.

बम_भारी
हिशेबनीस भाऊ, म्हंजे आमच्या पैशानं आमालेच रांगेत उभं करून रायले. अडत्याचं उदाहरण मात्र बराबर देल्लं. तूर इकाले गेलं का असंच होते.

काटोलची_संत्री
छान धागा. माझे प्रश्न जरा खायचे आहेत. आम्ही शुद्ध शाकाहारी, सासूबाई तर कांदा-लसूणही खात नाहीत. त्या लाउंजमध्ये त्यांना काय चालेल? आणि घरची संत्री सोबत नेली तर चालतात का? आमच्याकडं आंबिया बहार निघतो तेव्हाच जायचं ठरतं आहे.

काळीमाती
ताई, केळीच्या पानातली पुडी आणि पॉपकॉर्न बिनधास्त. पुडीत भात, नारळाचं दूध, केळं, साखर, मीठ आणि घेवडा. केक विचारूनच घ्या, अंडं असतं. सँडविचपासून लांबच राहा, आम्ही घेतलेल्यात ट्यूना मासा निघाला. बाहेर बेटावर खरी अडचण आहे, तिथं साध्या भाजीतही माशाचं पाणी घालतात. 'जे' असं थाई भाषेत पिवळ्यावर लाल अक्षरात लिहिलेली पाटी दिसली तर तिथं मांस-मासे-अंडी नसतात, आणि त्यांच्या 'जे'मध्ये कांदा-लसूणही टाळतात. सासूबाईंना हे फार कामाचं.

आई जवसाची चटणी, तिळाचे लाडू आणि दशम्या घेऊन आली होती. तिच्या झोळीनं निम्मा ग्रुप जगवला, हे कंपनीच्या साहेबानं स्वतः कबूल केलं.

धावपट्टी
संत्र्यांचं मी सांगतो. नेऊ नका. ताज्या फळांवर, त्यातही लिंबूवर्गीय फळांवर, थायलंडच्या प्लांट क्वारंटाइनचे निर्बंध आहेत. कीड-रोग एका देशातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. संत्र्याच्या बागेवर कोळशी काय करते ते काटोलवाल्यांना मी काय सांगू!

आणि आणखी एक. सुकं खोबरं, वाट्या किंवा गोटा, विमानात नेऊ नका. त्यात तेल असतं, कोंडलेल्या जागी आपोआप तापतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. लोक प्रसादाचं म्हणून ठेवतात आणि तपासणीत बॅग उघडावी लागते.

पैनगंगा
पुड्या बॅगेत भरल्या, हे वाचून मान खाली गेली हो. आपण बाहेर गेलो की आपलं नाव आपणच खराब करतो. तिथल्या मुलीनं काय म्हटलं असेल मनात?

लाडाची_वहिनी
पैनगंगा ताई, एवढं काही नाही हो. माझ्या पर्समध्येपण एक पुडी आली होती (आम्ही पण समुई केलं, आमचीपण डीलर टूरच). पोरगा विमानात भुकेला असतो. भरलेल्या टोपलीतून एक घेणं आणि टोपली रिकामी करणं यात फरक आहे की नाही? गोरे लोकही केक रुमालात गुंडाळून नेताना मी पाहिले. फक्त आपल्यालाच कशाला शरम?

काळीमाती
वहिनी, एक-दोन नेल्या असत्या तर मी लिहिलंही नसतं. आमच्या वाघांनी पिशवी भरली. मागून एक थाई आजीबाई नातीला घेऊन आल्या, तेव्हा टोपलीत काहीच नव्हतं. दुसरी टोपली थोड्या वेळानं आली, पण तोवर त्यांच्या विमानाची ट्रॅम लागली होती. मी आमच्या लोकांना तिथंच बोललो. एकानं पुडी काढून नातीला नेऊन दिली, आजीबाई हसल्या. बाकीच्यांनी चेन लावून घेतली.

मेहकरचे_गुरुजी
नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही उभयता अंदमानला जाऊन आलो. तिथलंही विमानतळ बेटावरचंच, म्हणून इथं लिहितो.

वीर सावरकर विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झालं. शिंपल्याच्या आकाराचं छत आहे, वरून दिवसाचा उजेड आत येतो. क्षेत्रफळ जवळपास ४०,८०० चौरस मीटर, म्हणजे समुईसारखे मांडव नव्हेत, चांगली मोठी इमारत. पोर्ट ब्लेअर शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झालं आहे. तिथली धावपट्टी नौदलाच्या आयएनएस उत्क्रोश या तळाची. त्यामुळं विमानातून उतरताना फोटो काढू नका, अशी सूचना होते ती मनावर घ्या. कोलकाता किंवा चेन्नईहून दोन-सव्वादोन तास लागतात.

लाउंज आम्ही शोधलाच नाही. सेल्युलर जेल पाहून आलेला माणूस परतीला गप्पच असतो. तिथल्या कोठडीची लांबी-रुंदी, साडेतेरा फूट बाय साडेसात, मी पावलांनी मोजली होती. सौभाग्यवती म्हणाल्या, एवढ्यात आपली एक बैलजोडीपण नीट बसायची नाही. त्यानंतर मऊ खुर्ची शोधत फिरावं असं आम्हाला वाटलं नाही. दशम्या काढल्या आणि खिडकीशी बसून खाल्ल्या. सुकं खाणं आपल्या देशात तपासणीतून नेता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

धावपट्टी
गुरुजी, सुंदर. लक्षद्वीपचं अगत्तीही याच यादीतलं. लांबट बेटाच्या टोकाला धावपट्टी, एटीआरसारखी लहान विमानंच उतरतात, आणि जायला परवाना लागतो. तिथं लाउंजची चैन शोधू नका.

वरूड_एक्सप्रेस
मला एक सांगा, हे आपल्या बेलोऱ्याच्या विमानतळावर का होऊ नये? अमरावतीचं हे विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं. मुंबईचं विमान, तेही एटीआर ७२. समुईला उतरतं तसलंच. प्रवासीही मोजकेच. एक मांडव टाका, माठाचं पाणी, पन्हं, भाजलेल्या शेंगा, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. कार्ड नको, काही नको. अमरावतीचा माणूस पाहुण्याला उपाशी जाऊ देतो का?

धावपट्टी
कल्पना आवडली, पण दोन अडचणी आहेत.

पहिली पैशाची. समुईला विमानतळ आणि विमान दोन्ही एकाचेच, आणि तिकीट महाग, म्हणून खाऊ त्यातून निघतो. बेलोऱ्याचं विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचं, विमान अलायन्स एअरचं, आणि ही सेवा लहान शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेतली. उडानमध्ये काही जागांच्या भाड्यावर मर्यादा असते आणि तूट सरकार भरून देतं. तिथं पन्ह्याचे पैसे कोणी द्यायचे, यावरच दोन वर्षं बैठका होतील.

दुसरी अडचण मे महिन्याची. समुईला भर उन्हाळ्यातही पारा बत्तीस-चौतीसच्या आसपास आणि समुद्राचा वारा. आपल्याकडं पंचेचाळीस. उघड्या मांडवात माणूस बसवला तर विमानाच्या आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागेल.

वरूड_एक्सप्रेस
कूलर लावू न भाऊ! वाळ्याचे पडदे लावू! तुम्ही एसटीवाले पहिलेच नाही म्हणता.

बम_भारी
पयले इमान रोज वेळेवर येऊ द्या म्हना. मंग हुरडा पाहू.

हिशेबनीस
वरूडकर, माझा एक पर्याय. लाउंज सोडा, पण बेलोऱ्यात बचत गटाच्या बायांना एक टपरीवजा जागा द्या, भाडं नाममात्र. माणूस पैसे देऊन खाईल, पण दोनशे रुपयांचा चहा नाही घ्यावा लागणार. मोठ्या विमानतळांवर लाउंजसाठी एवढी मारामारी का होते? बाहेर समोसा परवडत नाही म्हणून. बाहेरचं खाणं रास्त भावात मिळालं तर निम्मी रांग आपोआप कमी होईल.

पैनगंगा
हे पटलं. बाबांना त्या दिवशी सोफा नकोच होता. साधा कपभर चहा हवा होता, आणि त्याचा भाव ऐकून ते म्हणाले राहू दे.

काटोलची_संत्री
काळीमाती भाऊ, आणखी दोन प्रश्न. व्हिसा लागतो का? आणि स्वस्तात जायचं असेल तर समुईला दुसरा रस्ता आहे का? आमची टूर कंपनीची नाही, स्वतःच्या खिशातली आहे :(

काळीमाती
ताई, आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा लागला नाही. पण नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र भरावंच लागतं. ऑनलाइन, आणि फुकट. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी, तिकडं फिरकू नका. सासूबाईंचा फॉर्म तुम्हीच भरा, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं.

स्वस्त रस्ता आहे. बँकॉकहून सुरत थानीपर्यंत स्वस्त विमान किंवा रात्रीची रेल्वे, तिथून बसनं डोनसाकचा धक्का, आणि पुढं फेरीबोट, ती तासा-दीड तासात बेटावर सोडते. बस-बोटीचं एकत्र तिकीट मिळतं. सामान स्वतः चढवावं-उतरवावं लागतं. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा. आणि जाताना बोटीनं, येताना विमानानं, असंही करता येतं. पुडी खायला मिळेल.

लाडाची_वहिनी
येतानाच्या विमानाला लवकर जाऊन बसा. उशिरा गेलं की नुसता धावता चहा होतो.

बम_भारी
ते सगळं ठीक हाय. समुईच्या टूरले किती पॉइंट लागते अन् कोन्ती कंपनी हाय, ते सांगा न भाऊ. आमचंबी केंद्र हाय मूर्तिजापूरले.

काळीमाती
इथं नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, पाहा.